न बदललेला पाईप

मी, पास्कू बस्त्याव तुस्कानो, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा मोटार मेकॅनिक (आता बंद), राहणार नंदाखाल, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे. हृदयाचा भरवसा डॉक्टरांनी सोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकेल असे एकच माणूस होते, माझी पत्नी सालोमी, ती सहा वर्षांपूर्वी वारली.

१. राहते घर, मागची केळीची वाडी आणि बँकेत जे असेल ते माझी एकुलती मुलगी शर्ली हिला. वाडीत इमारत उभी राहू देऊ नये असे लिहिणार होतो, पण मेलेल्याने जिवंतांच्या वाटेत आडवे पडू नये. तिला योग्य वाटेल ते तिने करावे.

२. माझ्या दफनाच्या वेळी कोणी माझ्या कानाची स्तुती करू नये. 'पास्कू बॉनेट न उघडता गाडीचा रोग सांगतो' हे गावात चाळीस वर्षे चालले. माझा डावा कान २०११ पासून बंद आहे. हे फक्त सालोमीला ठाऊक होते. पुढचे सगळे मी अंदाजाने रेटले.

३. गॅरेज, त्यातली सर्व हत्यारे आणि तिथे उभी असलेली काळी, जुनी, सुपरचार्जरवाली गाडी माझा धाकटा भाऊ लुईस याला. कारण पुढे दिले आहे.

४. आम्ही दोघांनी एकतीस वर्षे ते गॅरेज चालवले. २०१५ साली उमेळ्याचे सुधाकर राऊत ही गाडी घेऊन आले. रस्त्यावर झकास पळायची, पण इंजिन चालू ठेवून उभी केली की मिसिंग, ठोके चुकायचे. सगळी गाडी थरथरायची. मी प्लग बदलले, कॉइल बदलली. लुईसने इंजेक्टर साफ केले. फरक शून्य. मग लुईसने थंड इंजिन सुरू करून चर्चमधला धूप पेटवला आणि धूर इंजिनाभोवती फिरवला. सुपरचार्जरच्या, म्हणजे इंजिनात हवा रेटणाऱ्या पंपाच्या, खाली धूर आत वळला. तो म्हणाला, "दादा, ही खालून हवा खातेय. खालचा पाईप बघ."

तो रबरी पाईप चिरला की तिथून नको असलेली हवा आत शिरते आणि इंजिन उभ्या जागी डळमळते. पण तिथपर्यंत पोचायला अख्खा सुपरचार्जर उतरवावा लागतो. दिवसभराचे काम, आणि माझी कंबर धरली होती. मी सांगितले, काल तू आला नव्हतास तेव्हा तो पाईप मी बदलला. लुईसने धूप विझवला. मोठ्या भावाचा शब्द त्याने कधी तपासून पाहिला नव्हता.

मी पाईपला हातही लावला नव्हता.

सुधाकरराव तिसऱ्यांदा गाडी परत घेऊन आले तेव्हा मला कोणाच्या तरी माथी खापर फोडायचे होते. त्यांच्यासमोर मी लुईसला म्हणालो, "तुझे हात बघ कसे थरथरतात. सकाळीच पिऊन येतोस, मग गाडी कशी नीट होणार?" लुईसने त्याच्याही सहा वर्षे आधीच्या उपवासकाळात दारू सोडली होती आणि नंतर थेंबाला शिवला नव्हता. हे मला माहीत होते. त्याने हातातला पाना पुसला, जागेवर टांगला आणि निघून गेला. वर्षभराने कळले, त्याला कंपवात झाला आहे. त्या दिवशी तो नुकता सुरू झाला होता.

त्याचे घर माझ्यापासून चौथे. दहा वर्षे तो माझ्या दारावरून चर्चमध्ये मिस्साला जातो आणि मान वळवत नाही.

५. सुधाकरराव वारल्यावर त्यांच्या पत्नी वसुंधरावहिनींनी गाडी मला देऊन टाकली. या फेब्रुवारीत मी सुपरचार्जर उतरवला. खाली गाडीबरोबर आलेला मूळ पाईप होता, बोटभर चिरलेला. मी फरशीवर बसून रडलो. नवा पाईप घातला. आता इंजिन इतके स्थिर चालते की चालू आहे की बंद, हे हात लावून बघावे लागते. जुना पाईप बिस्किटांच्या डब्यात ठेवला आहे. माझ्या मृत्यूनंतर तो लुईसला द्यावा आणि वरचे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. तेव्हा मला त्याच्या तोंडाकडे बघावे लागणार नाही.

६. एवढे टाईप झाल्यावर वकील क्षितिजा सावे यांनी विचारले, "काका, माणूस चार घरांवर आहे, तर मरायची वाट कशाला बघता?" काल आम्ही डबा घेऊन लुईसकडे गेलो. त्यांनी सगळे वाचले. लुईस पाईप हातात धरून ऐकत होता आणि तो पाईप सारखा हलत होता. वाचून झाल्यावर त्याने विचारले की साक्षीदार कोण. "एक मी, दुसरा शोधायचा आहे," वकीलबाई म्हणाल्या. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने मात्र सही करू नये, केली तर त्याला दिलेले रद्द होते, हेही त्यांनी समजावले.

लुईस म्हणाला, "मग दुसरा साक्षीदार मी."

असे करू नकोस म्हणून मी हात जोडले. त्याने पाईप डब्यात ठेवून झाकण लावले.

७. म्हणून कलम ३ मधले सर्व काही शर्लीला जाईल. लुईस आज आला आहे. दहा वर्षांनी माझ्या ओट्यावर बसला आहे. त्याची सही वेडीवाकडी येईल. ती त्याचीच आहे. सही करताना तो पूर्ण शुद्धीवर आहे आणि प्यायलेला नाही, हे मी स्वतःच्या हाताने लिहून देतो. त्याबद्दल कोणीही, कधीही शंका घेऊ नये.

ठिकाण: नंदाखाल
तारीख: १४ सप्टेंबर २०२५

(सही) पास्कू बस्त्याव तुस्कानो

आमच्या देखत सही केली:
१. (सही) क्षितिजा सावे, वकील
२. (सही) लुईस बस्त्याव तुस्कानो, मेकॅनिक