फ्लेक्सवरचा स्टेथोस्कोप

ती. अण्णा, बेंगळुरूहून ऋतुजाचा नमस्कार.

फोनवर भांडण होईल म्हणून लिहायलेय. लातूरच्या ज्या नीटच्या क्लासनं मोबाईलवर गेम खेळते म्हणून मला काढून टाकलं, त्यांनीच मी त्याच गेमची स्पर्धा जिंकल्यावर माझा फ्लेक्स लावला. सवयीनं अंगात ॲप्रन आणि गळ्यात स्टेथोस्कोपही चिकटवला.

मी डॉक्टर न्हाई. मी खेळते, त्याचा टीमकडून पगार मिळतो. लोक माझा खेळ ऑनलाइन बघतात, त्यावरच्या जाहिरातींचे पैसे वेगळे येतात. बक्षीस कधीतरीच मिळतं. जेवण चांगलं हाय, मनगट तेवढं दुखतं.

आईचे गुडघे कसे हायत?

तुम्ही निलंग्याहून एसटीनं लातूरला जाऊन त्याच फ्लेक्सखाली क्लासवाल्यांकडून सत्काराचा फेटा बांधून घेतला. माझी मॅच तर घरबसल्या मोबाईलवर दिसत होती, अण्णा.

तुमचीच, बिनॲप्रनची
ऋतुजा