नभा ओरडते कशाला?

४ मार्च

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या स्वरयंत्रावर गाठी आल्या आणि डॉक्टरांनी सहा आठवडे मौन सांगितलं, हे तुझ्या बाबाकडून कळलं. कार्टून मालिकेतल्या त्या नभाला आवाज देताना तीन वर्षं किंचाळलीस ना! आता फोनवर गप्पा बंद, म्हणून हा कागद.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मीही पलंगावरच. तुझी मालिका पहिल्यापासून बघून काढली. जन्मभर लोकांचं रक्त काढून तपासलं, त्यामुळे शंका फार. नभाला उडता येतं, मग गच्चीवर जिन्याने का जाते? समोरच्याच्या मनातलं ऐकू येतं, तरी दर शुक्रवारी फसते कशी? आणि एवढं ऐकू येतं, तर ओरडते कशाला? ताकद अफाट, डोकं बेताचं! खोडून दाखव.

उत्तराची वाट बघणारी,
आत्या

१२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नभाला बिनडोक म्हणायचं काम नाही! तिला एका वेळी एकाच माणसाचं मन ऐकू येतं आणि दुष्ट नेहमी दोघं असतात. उडण्याचं दृश्य काढायला चित्रकारांना आठवडा लागतो, म्हणून जिना. ओरडण्याला मात्र उत्तर नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

काल स्टुडिओत गेले होते. काचेपलीकडे माझ्या जागी नवी मुलगी उभी होती. छान ओरडत होती गं. डॉक्टर म्हणतात, आवाज परत येईल, पण यापुढे किंचाळायचं नाही. म्हणजे नभा गेलीच माझी.

लोभ आहेच, तो जरा वाढव.
तुझी टकळी

२० मार्च

चि. टकळीस,
आशीर्वाद.

आधी डोळे पूस. सुई टोचताना मी माणसाचा दंड धरायचे, तेव्हा त्याची भीती माझ्या हाताला कळायची. आपोआप हळू बोलायचे मी. मनातलं ऐकणारी बाई तशीच बोलेल ना? मालिकेच्या साहेबांना तसं लिहून दे. फार तर नाही म्हणतील.

आत्या

१५ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न.

चिठ्ठी दिली. साहेबांनी दोनदा वाचली. शेवटी नवी मुलगीच म्हणाली की लढाईतल्या आरोळ्या ती देईल, बोलणं ताईंना करू द्या. इतके दिवस मनात तिचा राग केला, आता मला तिच्याकडे बघवेना.

उद्यापासून रोज पाच मिनिटं बोलायची परवानगी आहे. सोमवारची पाच साहेबांच्या चाचणीला, मंगळवारची तुझी.

टकळी

२७ एप्रिल

चि. टकळीस,
पोटभर आशीर्वाद.

मंगळवारी तुझी मिनिटं खायची नाहीत म्हणून मी तोंड मिटून फोन घेतला. तुझा आवाज जरा जाडसर झालाय. साहेबांनी ठेवून घेतलं एवढं सांगितलंस आणि नुसती हसत सुटलीस. मग मलाही आवरेना. चार मिनिटं त्यातच गेली!

शुक्रवारचा भाग बघितला, चाचणीतलंच बोलणं त्यात घातलंय म्हणे. पुलाच्या कठड्यावर उभ्या त्या बाईला नभा अगदी हळू म्हणाली की तुझी भीती मला ऐकू येतेय. मी टीव्हीचा आवाज वाढवायला गेले आणि तशीच थांबले. नीट ऐकू येत होतं.

आता एवढंच सांग, उडताना तिच्या डोळ्यांत धूळ कशी जात नाही?

माया अशीच असू दे.
आत्या