आमेनचा माणूस

हे लिहायला फार उशीर झाला, सर्वांनी क्षमा करावी. पावसाळ्याआधीच लिहायचे होते. पण अंगण झाडणारी पारू म्हणाली, "मृत्युपत्र लिवला का मानूस जातोच," म्हणून थांबलो. आता छातीत इतके धडधडते की न लिहिताही जाईन असे वाटते.

मी, सामाजी दाऊदजी घिवलीकर, वय अंदाजे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा तेलाचा घाणा, हल्ली पालघरच्या आमच्या मशिदीचा शमाश, म्हणजे देखभाल करणारा (आम्ही बेने इस्राएल यहुदी लोक प्रार्थनाघराला मशीदच म्हणतो), शुद्धीवर असून, कोणाच्या दडपणाखाली नसून, लिहून ठेवतो की:

एक. दोन खोल्यांचे घर माझी मुलगी मिल्का हिचे. ती जावयासह इस्राएलला गेली. घर तिकडे नेता येणार नाही, म्हणून त्याचे भाडे मशिदीच्या दिव्याच्या तेलाला जावे. मलिद्याचे (नवसाच्या गोड पोह्यांचे) पितळी ताट मात्र तिला टपालाने पाठवावे. नीट बांधावे. मागे लोणचे पाठवले तर तिला कपडे दोनदा धुवावे लागले.

दोन. घाणा व बैल विश्रामला. वीस वर्षे त्याने घाणा हाकला आणि आमच्या धर्माची शनिवारची सुटी माझ्यापेक्षा काटेकोर पाळली. शनिवार बैलालाही कळतो, जू दाखवले तर तो खाली बसतो. त्याला मारू नये.

तीन. छत्री कृष्णकांत मास्तरांना देणार होतो. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे मास्तरच म्हणाले, आणि दुसरा लिहिता येणारा साक्षीदार मला मिळत नाही. म्हणून छत्री परत घेतली. मास्तरांनी राग धरू नये. ती गळतेच.

चार. मशिदीचे मुकादम शालोमजी यांना काहीही देऊ नये. ते त्या दिवशी (कलम पाच पाहावे) सर्वांत मोठ्याने हसले. (अडकित्ता द्यावा. शेवटी माणूस वाईट नाही.)

पाच. हे कलम महत्त्वाचे, सावकाश वाचावे.

दहा पुरुष जमल्याशिवाय आमची प्रार्थना सुरू होत नाही आणि मेलेल्यासाठीची प्रार्थना, कद्दीश, तीही म्हणता येत नाही. माणसे आकड्याने मोजणे आमच्यात अशुभ. म्हणून दहा शब्दांचे एक हिब्रू वचन आहे. एकेका माणसावर एकेक शब्द म्हणायचा. मला ते वडिलांनी शिकवले. ते शेवटी भक्तीने "आमेन" म्हणत. मला वाटले, तोही मोजणीतलाच.

त्यामुळे दहा माणसे असली तरी माझा आमेन रिकामा राही. मी म्हणे, "एक कमी आहे." सगळे थांबत. शेवटी तो एक म्हणून माझा मेव्हणा हासाजी याला मी दर शुक्रवारी एडवणहून झिपरूच्या बैलगाडीने आणू लागलो. शुक्रवार-शनिवार तो माझ्याकडे राही, रविवारी परत जाई. असे अकरा वर्षे.

मग मुंबईहून एक पाहुणे हिब्रू शिकवायला आले. हासाजीची गाडी आदल्या संध्याकाळी वाटेत चिखलात रुतली होती, तो त्या शनिवारी पायी येऊन दारात पोहोचला, तेव्हा पाहुणे विचारत होते, "शमाश, दहा तर आहेत, कोणाची वाट पाहता?" मी म्हटले, "आमेनचा माणूस यायचाय."

सगळी मशीद हसली. हासाजीने टोपीवरचा चिखल झटकला. "दाजी, अकरा वर्सं तुमचे ढेकूण मला चावलं, ते कशाला? मी हाय तरी कोन इथं? आमेन?" आणि गेला. चार वर्षे आला नाही.

मला सांगायचे आहे ते असे. ज्या शनिवारी कोणी तापाने पडे, त्या शनिवारी हासाजीच दहावा होता. हे मी त्याला कधी बोललो नाही. जावई गेला तेव्हा आम्ही नऊ उरलो होतो. तारापूरच्या अणुविजेच्या कामावर आमच्यातलाच एक पेणकर आला म्हणून दहा टिकले. त्या दहांत मी आहे. मी गेलो की नऊ. मला मुलगा नाही. माझ्या स्वतःच्या कद्दीशला एक माणूस कमी पडणार, आणि या वेळी मोजणी बरोबर आहे.

म्हणून मशिदीची किल्ली आणि नवी खाट (सागाची, ढेकूण नाहीत, विश्राम झोपून पाहून आला) हासाजीला.

स्थळ पालघर, रविवार, दि. १३ नोव्हेंबर १९६६.

सही: सामाजी दाऊदजी घिवलीकर

साक्षीदार: कृष्णकांत वामन राऊत, मास्तर (छत्रीविना).
झिपरू, गाडीवान. अंगठा. ("मला काय नाय? मग अंगठा तरी निशानीचा माझाच लावा.")

ता. क. हासाजी, हा कागद मी मेल्यावर वाचायचा. पण तोवर तू रुसलेलाच राहशील या भीतीने नक्कल झिपरूबरोबर आजच पाठवतो. या शुक्रवारी ये. आलास तर पुन्हा अकरावाच ठरशील, मला कळते. पण फार दिवस अकरावा राहावे लागणार नाही. झिपरू उत्तरासाठी थांबेल. निरोप लवकर दे, त्याचा बैल भुकेला आहे.