पाहुणे असेपर्यंत

प्रिय आल्हाद,

बाबांच्या हनुवटीखालून पट्टी घेऊन मी डोक्यावर गाठ मारत होते, तेवढ्यात समोरच्या लॉनवर बँडने राष्ट्रगीत सुरू केलं. मी उठून उभी राहिले. हात सरळ खाली. सरकारी पाहुण्यांच्या या कोठीच्या आवारात वाढलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. गीत संपल्यावर खाली बसले तेव्हा पट्टी सुटली होती आणि बाबांचं तोंड उघडं पडलं होतं.

मग लाउडस्पीकरवर तुझा, कोठीच्या प्रोटोकॉल अधिकाऱ्याचा, आवाज आला. कोठीला दीडशे वर्षं झाली. कुठल्या इंग्रज कमिशनरने ती बांधली, कुठल्या लाटसाहेबासाठी जिन्याला सागवान लावलं, स्वातंत्र्यानंतर पोर्चच्या पायरीवर पहिली सलामी कोणी घेतली, सगळं तू न अडखळता सांगितलंस. तुझं हिंदी छान झालं आहे. बाबा जेवताना सांगायचे तीच गोष्ट, त्याच क्रमाने. त्यांच्या गोष्टीतही मागच्या नोकरांच्या क्वार्टरमधलं कोणी नसायचं.

सकाळी बाबा गेले आणि मी तुला फोन केला, तेव्हा तू म्हणालास, ताई, आत्ता काहून फोन केला, महामहिम राज्यपाल पोचूनच राहिले. मी सांगितलं. तू म्हणालास, चारला ते निघतील, तोवर कोणाला बोलू नको, आणि समोर येऊ नको, रडून चेहरा सुजला असेल. मी तोवर रडले नव्हते.

पाहुणे आत असताना फाटकातून तिरडी जात नाही. हे कुठेही लिहिलेलं नाही. नियम बाबांचा. नीलकंठ माळ्याची बायको गेली तेव्हा वर एक मंत्री झोपले होते. एप्रिल होता. केअरटेकर म्हणून बाबांनी तिला दुपारभर अवजारांच्या शेडमध्ये ठेवायला लावलं आणि मागच्या भिंतीच्या खिंडारातून बाहेर काढलं. त्या दिवशी ते नेहमीसारखे जेवले. आपणही जेवलो.

आज नीलकंठ बांबू घेऊन आला. ते त्याने बाबांच्या शेजारी ठेवले. मग म्हणाला, दीदी, बाबूजी को कहाँ से निकालोगी? पीछे की दीवार तो आल्हाद भैया ने पक्की करवा दी, फंक्शन के लिए. तो हसत नव्हता.

चार वाजता शिपाई तुझा निरोप घेऊन आला. बिघाडामुळे विमान उद्यावर गेलं, महामहिम मुक्कामाला आहेत, ताईंनी सांभाळून घ्यावं. त्याच्यामागे दोघेजण टबमधून बर्फ घेऊन आले. कोठीच्या स्वयंपाकघरातला, पाहुण्यांच्या सरबतासाठी आणलेला. तो मी बाबांच्या दोन्ही बाजूंना लावला. तू आला नाहीस. मधे फक्त लॉन होतं.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तक्रार कोणाची करू? तुला हे सगळं बाबांनीच शिकवलं, आणि तू त्यांचा चांगला विद्यार्थी निघालास. हे लिहिते आहे ते कळवण्यासाठी. उद्या सकाळी आठला आम्ही त्यांना मुख्य फाटकातून नर्मदेकाठी, ग्वारीघाटच्या स्मशानात नेणार. पाहुणे आत असोत वा नसोत. बाबा निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागेवर मिळालेली माझी नोकरी जाईल, तिच्यावर मिळालेलं हे क्वार्टरही जाईल, ते मला ठाऊक आहे. फाटकावरचा गार्ड तुझं ऐकतो. ते बंद ठेवायचं असेल तर तू स्वतः समोर उभा राहा. नाहीतर मुलगा म्हणून खांदा द्यायला ये. दोन्ही जमलं नाही तर अग्नी मी देईन, आणि तेराव्याला तू येऊ नकोस.

अजून तरी तुझीच,
माधवीताई

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता गार्डने फाटक उघडलं. आल्हादने तसं सांगून ठेवलं होतं. तो स्वतः पोर्चमध्ये, पाहुण्यांच्या गाडीजवळ उभा राहिला. अग्नी माधवीने दिला.