एवढासा पेरू

मंगळवार, संध्याकाळ

आज नववीच्या वर्गात मी चुकले, आणि ते शाळा सुटल्यावर कळलं. नाझनीन म्हणाली होती, "बाई, पृथ्वी पेरूला जेवढ्या जोरानं ओढते, तेवढ्याच जोरानं पेरू पृथ्वीला ओढतो." मी म्हटलं, "एवढासा पेरू पृथ्वीला काय ओढणार?" सगळा वर्ग हसला. तिनं मान खाली घातली. ती मान काही डोळ्यांसमोरून हलेना.

पुस्तक उघडलं. तिचंच बरोबर. जोर दोन्हीकडून सारखाच. पृथ्वी अवाढव्य, म्हणून तिचं हलणं दिसत नाही, एवढंच. वीस वर्षं शिकवतेय, आणि हे विसरले कशी?

संभाजीनगरची बस सोडून दिली आणि देवगावातच तिच्या घरी गेले. तिचे अब्बा शिलाई मशीनवरून उठले. "हिनं काय चूक केली का, बाई?"

"तिनं नाय, मी केली."

नाझनीन हळूच म्हणाली, "पण बाई, हसले तर सगळे होते."

खरंय. घरी जाऊन चूक कबूल करणं सोपं होतं.

उद्या पहिला तास माझाच आहे. सगळ्यांसमोर सांगणार. मग खडू तिच्या हातात देऊन मी तिच्या बाकावर बसणार.