बापूच्या जुन्या प्लेअरवर होळीची लेंगी

२ मार्च, रविवार. दिग्रस.
विकासचा फोन. माहा चुलतभाऊ, आमच्या बंजारा तांड्यावर राहते. म्हणे, यंदा होळीची लेंगी, गाणं अन् नाच सारं, मोबाइलवरून लाइव्ह दाखवून राह्यलो, बाहेरगावी कामाले गेलेले पोट्टे तिकडूनच पाहतीन.
बापूले सांगितलं तं चेहरा फुलला. लकव्यानं बोलणं तुटलं त्यायचं, "पाणी" म्हणायले कष्ट पडतात. पण लेंगी सुरू केली की कडवंच्या कडवं येते! डॉक्टर म्हणे, असं होते. तांड्यात हिरामणकाका एका बाजूनं गाणार अन् बापू दुसऱ्या बाजूनं उत्तर देणार, हे मी जन्मापासून ऐकलं. मागच्या होळीले बापू दवाखान्यात होते. बापूच्या बाजूनं कोणीच गायलं नाही म्हणे.

५ मार्च.
माह्या लॅपटॉपवर नको म्हणतात. मोबाइलवर तं नाहीच, बोट थरथरते, भलतंच उघडते, मंग चिडतात. पाह्यजे कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर अन् त्यातला तो जुना प्लेअर. डाव्या हाताले पाठ आहे न तो. जुन्या लेंग्या त्यावरच ऐकतात.
लाइव्हची लिंक टाकून पाह्यली. काळी खिडकी. फाइल ओळखता येत नाही म्हणते मुडदा.
याडी, माय माही: "लॅपटॉप लावून दे न बाई, कायले जीव काढतं?"
बापू: "मी… मी लावीन."
वर्षभरात माणसानं एक गोष्ट मागितली. कशी होत नाही, पाहतेच आता मी. टायपिंग क्लासात पोट्ट्यायले कॉम्प्युटर शिकवते, अन् घरचा एक डबा ऐकत नाही म्हणजे काय!

७ मार्च.
क्लास सुटल्यावर तेच. जुगाड असा: लाइव्ह लॅपटॉपनं घ्यायचं, चालता चालता जुन्या प्लेअरले समजेल अशा पद्धतीत बदलायचं, वायरनं जुन्या कॉम्प्युटरले द्यायचं. पहिले नुसता आवाज. मंग चित्र आलं, आवाज गेला. लॅपटॉपचा पंखा चक्कीवानी घोंगावते. याडी दोनदा जेवाले बोलावून गेली, मंग शिव्या देऊन गेली.

९ मार्च, रविवार.
आलं!! विकासनं अंगणातल्या कोंबड्या लाइव्ह दाखवल्या. बापूनं स्वतःच्या हातानं आयकॉन दाबला, कोंबड्या जुन्या प्लेअरमधी. बापूनं थांबवल्या, परत पळवल्या. याडी म्हणे, "घ्या, आता कोंबड्या राखा!"
मंग बापूनं माह्या मोबाइलकडं बोट केलं. "मी… गाईन."
बाप्पा! कपाळावर हात मारला मी. त्यायले पाहाचं नाहीच आहे, उत्तर द्यायचं आहे. आठ दिवस मी काय करून राह्यली होती?

११ मार्च.
पाहून घेतलं. विकासनं तिकडं टाळी वाजवून फोनवर "वाजवली" म्हटलं. आमच्या पडद्यावर तो नुसता उभा. याडी उठून चूल पाहून आली तवा टाळी आली. लाइव्ह आधीच मागं, त्यात माहं बदलणं, त्यात जुना प्लेअर थोडं साठवून मंगच दाखवते. उशीर जिथून जमला तिथून कापला. तरी मागंच.
विकासनं तिकडून सरळ फोनवर ऐकवावं, तं डफडं वाजलं की फोन माणसाचा आवाजच गिळते. बापूचा एकट्याचा आवाज मात्र इकडून नीट जाते.
मंग हिरामणकाकाले फोन. म्हटलं, काका, बापूसाठी थांबसान का?
"पाहू."
पाहू म्हणजे काय? राग आला.

१३ मार्च, होळी.
लेंगी होताच लिहाले बसली.
बापूनं प्लेअर लावला. हिरामणकाकाचं कडवं आलं. बापू ताठ बसले अन् फोनमधी गायले. पुरं, एक शब्द न तुटता. पडद्यावर मात्र डफडं चालूच, पोट्टे नाचूनच राह्यले. बापूनं माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं, गेलं वाया. आता रडते का काय मी.
मंग पडद्यावर, उशिरानं, काकानं हात वर केला. डफडं थांबलं. विकासच्या शेजारच्या पोट्ट्यानं फोन माइकले लावला, अन् बापूचाच आवाज जुन्या कॉम्प्युटरच्या डब्ब्यातून बाहेर आला. पुरा तांडा उभा राहून ऐकून राह्यला होता. बाया पदर डोळ्याले लावून. बापू स्वतःले ऐकत बसले.
काकानं उत्तर दिलंच नाही. लाइव्ह तिथंच बंद झालं.

१४ मार्च, धुळवड.
सकाळीच काकाचा फोन. म्हणे, "काल सगळे रडाले लागले, म्हणून उत्तर राखून ठेवलं. आज देतो. पण आज थांबत नाही, सांगजो त्याले. लेंगी आहे, मयत नाही."
मी चिडली. बापूले सांगितलं तं बापू हसले! पोट धरून, वर्षात पहिल्यांदा. "साला… बरोबर… बोलते."
म्हटलं, बापू, चित्र काढून टाकलं तं आवाज लवकर येईल. काका नाही दिसणार, तांडा नाही दिसणार, काहीच नाही. लय वेळ पडद्याकडं पाहत बसले. मंग म्हणे, "काढ."
काढलं. आता प्लेअरमधी आवाजाबरोबर नुसते हिरवे पट्टे नाचतात. आवाज कालच्यापेक्षा लवकर येते, खरंच येते, पण पुरेल का ते मले नाही माहीत. काका बोलल्यासारखा थांबणार नाही, त्याचा स्वभाव मले ठाऊक आहे.
दिवस कलला. बापू अंघोळ करून, पागोटं बांधून त्या हिरव्या पट्ट्यासमोर बसले आहेत. विकास म्हणे, तिकडं डफडं शेकोटीवर तापवून राह्यले.