दुसऱ्या मजल्यावरची पाहणी

चि. धाकट्या भावास अनेक आशीर्वाद.

ताईने म्हातारपणीची पुंजी पंचवीस वर्षं जुन्या इमारतीत घातली आणि ती बुडाली, असं तू घरोघर फोन करून सांगतो आहेस, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. तुझी पाठ कशी आहे? शेक घेत जा. माझी तब्येत उत्तम आहे, आणि पुंजीची माझ्याहून उत्तम.

तुझ्या सल्ल्याप्रमाणे मी प्रथम तुझ्याच बिल्डरच्या कार्यालयात गेले. (कॉफी दिली. प्रत्यक्ष जागा दाखवा म्हटल्यावर कप उचलून नेला.) मग मी एकटीच जागेवर गेले. चार वर्षांपूर्वी रंगीत पत्रक पाहून तू जिथे पैसे भरलेस, तिथे आज खड्डा आहे आणि त्यात पाणी आहे. पत्रकातला पोहण्याचा तलाव तेवढा कबूल केल्यापेक्षा मोठा झाला आहे. तेव्हाच ठरवलं की उभं असलेलं, माणसं राहत असलेलं घर घ्यायचं, आणि तेही चार वेळा पाहून.

तीस वर्षं परीक्षेच्या वर्गांवर देखरेख केलेल्या बाईला पाहणी शिकवावी लागत नाही. त्या जुन्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी मी सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि एकदा कामाच्या दिवशी गेले. हातात वही, गळ्यात चष्मा. सगळे नळ सोडले, खिडक्या उघडून मिटल्या, जिन्यातले बंद दिवे मोजले. छताजवळचा डाग पाहून एजंट म्हणाला, "मॅडम, ओल नाही ती, भिंतीचा पोत आहे." मी पोतावर बोट ठेवलं, ते पेरभर आत गेलं. ते वहीत लिहीत असतानाच वरच्या मजल्यावरची बाई जिना उतरून आली आणि हळूच म्हणाली, "आमच्याच न्हाणीतून गळतंय. गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंत बोलू नका म्हणून सेक्रेटरींनी बजावलंय. पण तुम्ही सरकारी ऑफिसातल्या, तुमच्यापासून काय लपवायचं?"

(मी कुठली, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं.) अर्ध्या तासात जिन्यात रांग लागली. लिफ्ट कधी अडकते, टाकी कधी धुतली, कोणता भाडेकरू का सोडून गेला, सगळं मला क्रमाने मिळालं. एका आजोबांनी तर स्वतःच्या मुलाविरुद्धही तक्रार नोंदवली. ती मी खोडली.

अकरा तक्रारी मी घरमालकाला उभ्याने वाचून दाखवल्या. सातवीला तो बसला. वरची न्हाणी त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून दिली आणि किंमतही उतरवली. मग वकिलाकडून जुने सगळे कागद तपासून घेतले, वर्षभराचा खर्च बाजूला ठेवला आणि उरलेल्यात बसलं तेवढंच घेतलं. कर्ज नाही. यात हुशारी काही नाही, घाई केली नाही एवढंच. भिंत आता कोरडी आहे. येऊन बोट लावून पाहा, आणि मग पुन्हा सगळ्यांना फोन कर.

तुझी ताई

ता. क. घराला भाडेकरू हवा आहे आणि माझ्या डोळ्यांसमोर तू आहेस. भाडं बाजारभावाने. भाऊ म्हणून सवलत नाही, पण बाहेर काढण्याची धमकीही नाही. लहानपणी दिल्या तेवढ्या पुरे.

आणखी ता. क. विचार करायला वेळ घेऊ नकोस. तुझी बायको काल जागा पाहून गेली. तिनेही प्रत्येक नळ सोडून पाहिला. (वीस वर्षांत प्रथमच ती मला आवडली.) तुला सांगण्याचं काम तिने माझ्यावर टाकलं आहे.

तिच्या हवाली केलं: मुख्य दाराच्या किल्ल्या दोन, गॅलरीच्या दाराची एक, वीजमीटरचा आकडा लिहिलेली चिठ्ठी, भाडेकराराच्या प्रती दोन. दोन्हींवर तिची सही झालेली. तुझ्या सहीच्या जागी पेन्सिलने फुली.